सही माझीच आहे

फोन आला तेव्हा मी परसात कढीपत्त्याच्या रोपाला आळं करत होतो. हात मातीचे होते म्हणून पद्मानं फोन माझ्या कानाला लावून धरला.

"मगदूम काका का? मी डॉक्टर शर्वरी हेर्लेकर बोलतेय. स्कॅन सेंटरमधून."

नाव ओळखीचं वाटलं, चेहरा आठवेना. आठ महिन्यांपूर्वी मी तिथं एमआरआय काढला होता. रिपोर्टखाली हे नाव होतं एवढंच. डॉक्टरीणबाई स्वतः फोन करतात हे मला नवीन होतं.

"बोला," मी म्हणालो.

"काका, तुमचा तो एमआरआय मी परवा पुन्हा बघितला. त्यात एक डाग आहे. तेव्हाही होता. मी तो पकडायला हवा होता, पकडला नाही. चूक माझी आहे. उद्या तुम्ही येऊ शकाल का? घरचं कुणीतरी बरोबर आणा."

पलीकडून तिनं विचारलं, "काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय. येतो उद्या."

पद्मानं फोन खाली घेतला. "कुणाचा ओ?"

"डॉक्टरांचा. परत बोलावलंय," एवढंच मी सांगितलं आणि आळं पुरं केलं.

तेव्हा माझं वय सहासष्ट होतं. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत मी तीस वर्षं तपासनीस होतो. ओतलेल्या पोलादी व्हॉल्व्हच्या एक्सरे फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायच्या, आत कुठं पोकळी किंवा भेग आहे का बघायचं आणि पास की नापास ते ठरवायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर बरं चाललं होतं. मग लघवीची कुरकुर सुरू झाली. रक्तातला पीएसए नावाचा आकडा वाढलेला निघाला. तो आकडा प्रोस्टेट ग्रंथीत काही गडबड असली की चढतो. मूत्ररोगाचे डॉक्टर नाईकनवरे यांनी सुईनं ग्रंथीचे बारा तुकडे काढून तपासले. त्यात काही निघालं नाही. आकडा उतरेना म्हणून एमआरआय केला. त्यातही काही नाही असा रिपोर्ट आला. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. आकडा मात्र नऊवरून चौदावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगा संमेद रजा टाकून बरोबर आला. तो पॉलिटेक्निकला शिकवतो. स्वभावानं सरळ, पण रागीट.

डॉक्टर हेर्लेकर चाळिशीच्या आतल्या, बारीक अंगाच्या बाई. आम्ही आत गेलो तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आम्हाला टेबलासमोर न बसवता स्वतःच्या शेजारी, पडद्यासमोर बसवलं.

"ही तुमची प्रोस्टेट. ही मागची बाजू. सुईनं तुकडे घेतात ते बहुतेक इथून, मागून. आणि हे बघा, अगदी पुढं, वरच्या अंगाला." त्यांनी बोट ठेवलं. पाटीवरची अक्षरं ओल्या बोटानं पुसावीत तसा एक काळपट पट्टा होता. "इथं स्नायूही असाच काळा दिसतो. मी त्याला स्नायूच समजले. पण स्नायू दोन्ही बाजूंना सारखा दिसायला हवा. हा एकाच बाजूला फुगलाय."

मी पुढं वाकून बघितलं. मला दिसला. तीस वर्षं करड्या छटा बघितलेले डोळे होते, एकदा दाखवल्यावर दिसणारच.

संमेद म्हणाला, "रिपोर्ट तुम्हीच लिहिला होता ना?"

"हो. सही माझीच आहे."

"मग आज अचानक कसं दिसलं?"

"गेल्या महिन्यात मी मुंबईला एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथं असे पुढच्या बाजूचे डाग खूप दाखवले. परत आल्यावर मी माझे वर्षभराचे सगळे प्रोस्टेटचे स्कॅन पुन्हा उघडले. एकशे बारा होते. त्यात दोन ठिकाणी माझं चुकलंय. एक तुम्ही."

"आठ महिने वाया गेले आमचे."

"हो. आठ महिने गेले."

"त्यानं काय फरक पडला ते सांगा."

"आज सांगता येणार नाही. तुकडा तपासल्यावर आणि हाडांचा स्कॅन झाल्यावर थोडं कळेल. पण काहीच फरक पडला नसेल, असं मी म्हणणार नाही."

संमेदला वादासाठी समोरून काही मिळेना. आरोप करावा, तर बाई तो आधीच मान्य करून बसलेल्या. त्याचा राग त्यामुळं आणखी चढला. बाईंनी एक पाकीट पुढं केलं. त्यात त्यांच्या सहीचं पत्र होतं. मूळ रिपोर्टमध्ये काय चुकलं, डाग कुठं आहे, केवढा आहे, आता काय करायला हवं, सगळं त्यात लिहिलेलं. सोबत स्कॅनची सीडी आणि पुण्यातल्या एका डॉक्टरांचं नाव.

"आता त्या डागातूनच नेमका तुकडा घ्यायला हवा. एमआरआयचं चित्र समोर ठेवून सोनोग्राफीवर सुई तिथं न्यायची. हे काम मी इथं नाईकनवरे सरांबरोबर करते. पण तुमचा माझ्यावर विश्वास उरला नसेल, तर पुण्याला जा. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. चार दिवसांत वेळ मिळेल."

"पुण्यालाच जाणार," संमेद म्हणाला आणि पाकीट उचललं.

मी म्हणालो, "डॉक्टर, सुई तुम्हीच धराल का?"

"तुम्ही म्हणालात तर."

"मग तुम्हीच करा."

घरी दारात गाडी लावल्यावर संमेद म्हणाला, "आण्णा, ज्या बाईनं तुमचा कॅन्सर बघितला नाही, तिच्याच हातात परत सुई देताय. का ते तरी सांगा."

"बघितला म्हणून तर सांगितलं तिनं."

"हे उत्तर झालं का?"

ते उत्तर नव्हतं, हे मलाही माहीत होतं. खरं उत्तर तेव्हा माझ्या तोंडून निघालं नसतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी बायोप्सी झाली. आत नेण्याआधी नाईकनवरे डॉक्टर माझ्या खाटेजवळ येऊन बसले. मोठ्या वयाचा, थोडा तुसडा माणूस. म्हणाले, "मगदूम, तुम्हाला एक सांगून ठेवतो. सेंटरच्या मालकांनी हिला सांगितलं होतं, पेशंटला नुसतं फेरतपासणीला बोलवा, नवीन स्कॅन करा, त्यात सापडलं असं लिहा. कुणाला काही कळलं नसतं. मलासुद्धा नाही. ती म्हणाली, तसं असेल तर मी उद्यापासून येत नाही."

"मग?"

"मग काय. मालक गप्प बसले. आणि मीही माझे जुने कागद काढून बसलो. माझ्याही बारा सुया पुढं पोचल्याच नव्हत्या की. तेही मी कधी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

टेबलावर निजून पाय वर अडकवतात. त्या वयात, त्या अवस्थेत, एका बाईसमोर असं पडायचं म्हणजे माणूस अर्धा मरतो. हेर्लेकर बाईंनी आधी मला कंबरेपासून नीट झाकलं, मग दिवा वळवला आणि जेवढं लागणार तेवढंच उघडं ठेवलं. भूल फक्त त्या जागेपुरती होती. मी जागा होतो, मान वळवली की दोन्ही पडदे दिसत होते. एकावर जुना एमआरआय, दुसऱ्यावर सोनोग्राफीचं हलतं चित्र.

"काका, आता तुकडा घेताना टिचकी वाजल्यासारखा आवाज येईल. दचकू नका."

सुई पांढऱ्या रेघेसारखी आत सरकताना दिसली. बाई एकदा या पडद्याकडं, एकदा त्या पडद्याकडं बघत होत्या. सुई डागापाशी पोचली असं मला वाटलं. त्यांनी टिचकी वाजवली नाही. सुई मागं घेतली.

नाईकनवरे म्हणाले, "बसली होती की."

"दोन मिलिमीटर बाजूला होती, सर. कडेचा तुकडा आला असता." त्यांनी कोन बदलून पुन्हा सुई आत नेली, आणि मग टिचकी वाजली. त्या डागातून त्यांनी चार तुकडे घेतले. चारही वेळा तसंच, या पडद्यावर बघायचं, त्या पडद्यावर बघायचं, पटेपर्यंत थांबायचं. बाकीच्या भागातले तुकडे नाईकनवऱ्यांनी घेतले. मी आयुष्यभर तपासणीचं काम करणारी माणसं बघितली होती. इतक्या शांत हाताचं माणूस क्वचित बघितलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. चारही तुकड्यांत कॅन्सर होता. मधल्या दर्जाचा, पण जरा आक्रमकतेकडं झुकलेला. हाडांचा स्कॅन स्वच्छ निघाला. आजार ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता. हे सांगतानाही बाईंनी स्वतःला सूट दिली नाही. म्हणाल्या, "आठ महिन्यांपूर्वी कदाचित हार्मोन दाबायची इंजेक्शनं लागली नसती, नुसत्या किरणांवर भागलं असतं. आता दोन्ही करावं लागेल. पण बरं होण्याची आशा चांगली आहे." हृदयात स्टेंट असल्यामुळं माझं ऑपरेशन करायला कुणी तयार नव्हतं.

संमेद कागदपत्रं करायला खाली गेला. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"काका, एक विचारू? तुम्ही पुण्याला का गेला नाहीत?"

"मीही फिल्म बघायचंच काम केलंय, डॉक्टर. लोखंडाच्या. चूक कशी होते, मला माहीत आहे."

"चूक होते हे सगळ्यांनाच माहीत असतं, काका," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. सहज म्हणाल्या आणि पुढची चिठ्ठी लिहायला लागल्या.

मला पुढचं सांगायचं होतं. संमेद वर आला आणि तो क्षण गेला.

किरणांचे उपचार वीस दिवस चालले, शनिवार-रविवार सोडून रोज. जाण्याआधी पोट साफ हवं आणि मूत्राशय पाण्यानं भरलेलं हवं, म्हणजे आतडं आणि पिशवी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. मी घरून निघताना वेळ लावून पाणी प्यायचो. तिथं टेबलावर निजलं की मशीन आधी एक फेरी मारून फोटो घ्यायचं. तो फोटो पहिल्या दिवसाच्या फोटोवर ठेवून बघायचे. ग्रंथी रोज थोडी हलते. मग टेबल दोन मिलिमीटर इकडं, तीन मिलिमीटर तिकडं सरकायचं आणि त्यानंतरच किरण. सातव्या दिवशी तिथली टेक्निशियन मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, आज पाणी कमी पडलंय. उठा, दोन ग्लास पिऊन अर्धा तास बसा."

बाहेर बारा पेशंट खोळंबले होते. मी म्हणालो, "एका दिवसानं काय होतंय?"

"एका दिवसाचे किरण आतड्यात गेले तर ते परत काढता येतात का?" ती म्हणाली. मी निमूटपणे पाणी पीत बसलो.

त्या अर्ध्या तासात, त्या बाकावर, मी ठरवलं.

त्रास झाला नाही असं नाही. लघवीला जळजळायचं, दुपारी अंगातलं बळ गेल्यासारखं व्हायचं. इंजेक्शनांमुळं भर थंडीत घामानं सदरा भिजायचा. पद्मा पंखा लावून देत म्हणायची, "आता कळलं का, आम्ही पन्नाशीत काय भोगलं ते?" सहा महिन्यांनी इंजेक्शनं थांबली. आकडा चौदावरून शून्याच्या जवळ आला. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी रक्त देतो, आकडा तिथंच आहे. परवा चौऱ्याहत्तरी उलटून मी पंचाहत्तरीत आलो. हे सगळं त्या फोनमुळं.

पण मला सांगायचंय ते विसाव्या सिटिंगनंतरच्या रविवारचं.

मी संमेदला म्हणालो, "मला गडहिंग्लजला ने. एका माणसाला भेटायचंय." कोण, कशाला, त्यानं विचारलं. मी म्हणालो, तिथं गेल्यावर कळेल.

दिलावर मुल्लाणीचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचा, जळलेली तार काढून नवी भरायचा. मागंच घर. तेवीस वर्षांनी बघत होतो. दाढी पांढरी झालेली, डाव्या डोळ्यावर काळी काच लावलेला चष्मा. हातातली तांब्याची तार खाली ठेवून त्यानं मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"मगदूमसाहेब? या, बसा की. इकडं कुठं वाट चुकलात?"

"चुकलो नाही, दिलावर. तुझ्याकडंच आलोय."

त्यानं स्टूल पुसून दिलं. चहा सांगायला निघाला, मी हात धरून बसवलं. संमेद दाराशी उभा राहिला.

फौंड्रीत दिलावर पाण्याच्या दाबाच्या चाचणीवर होता. तयार व्हॉल्व्ह मशीनला बांधायचा, आत पाणी भरून दाब चढवायचा, गळतो का बघायचं. सत्तावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. दिवाळीच्या तोंडावर माल निघायची घाई होती. त्या दिवशी चाचणी चालू असताना एक व्हॉल्व्ह तोंडाशी फुटला आणि तुकडा त्याच्या डोळ्यात गेला. चौकशी झाली. व्हॉल्व्ह एक्सरेमध्ये पास होता, म्हणजे माल चांगला होता. तेव्हा यानंच मर्यादेबाहेर दाब दिला असणार, असा निकाल लागला. त्याला कामावरून काढलं.

"दिलावर," मी म्हणालो, "त्या दिवशी माझ्याकडं चाळीस फिल्म होत्या. साहेब डोक्यावर उभे होते. शेवटच्या दहा-बारा मी पेटीवर लावल्यासुद्धा नाहीत. तशाच पासचा शिक्का मारला. तुझा व्हॉल्व्ह त्यातला होता. तुला दवाखान्यात नेल्यावर मी ती फिल्म काढून बघितली. तोंडाशीच भेग होती. लहान पोराला दिसली असती अशी."

दिलावरनं तारेचं भेंडोळं बाजूला सरकवलं.

"चौकशीत मी समोरच बसलो होतो. तुला विचारत होते, दाब किती दिलास. तू सांगत होतास, नेमानंच दिला. मी मान खाली घालून बसलो. आणि ती फिल्म घरी नेऊन पाण्याच्या बंबात जाळली."

"जाळलीत?"

"जाळली."

गल्लीतून एक रिक्षा गेली. दिलावरनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"मगदूमसाहेब," तो म्हणाला, "तो काटा मला रोज दिसतो बघा. दाबाचा. आधी वाटायचं, मी बरोबरच ठेवला होता. दहा-बारा वर्षांनी वाटायला लागलं, नसेल ठेवला. एवढी शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील? वडील मरेपर्यंत म्हणायचे, तुझ्याच हातनं घडलं, कबूल कर म्हणजे मोकळा होशील. शेवटी त्यांना बरं वाटावं म्हणून मी कबूलसुद्धा केलं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी हात जोडले. त्यानं ते धरले नाहीत, झिडकारलेही नाहीत.

"आज का आलात?"

"एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या बाबतीत चूक केली होती. त्यांनी ती शोधली आणि मला स्वतः फोन करून सांगितली. लपवता आली असती."

"किती दिवसांनी सांगितली?"

"सापडली त्याच्या तिसऱ्या दिवशी."

त्यानं मान हलवली. मग उठून आतल्या दाराचा पडदा सरकवला आणि हाक मारली, "आयेशा, आईला घेऊन बाहेर ये. भाईजानला पण बोलव."

त्याची बायको आली, विशीतली मुलगी आली, शेजारच्या घरातून त्याचा थोरला भाऊ आला. दिलावरनं सगळ्यांना बसायला जागा करून दिली. संमेदलाही आत बोलावून बाकावर बसवलं. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"हे आमचे मगदूमसाहेब. फौंड्रीत होते," त्यानं सांगितलं. मग माझ्याकडं वळला. "आता मला सांगितलंत तसंच यांना सांगा. पहिल्यापासून. काही गाळू नका."

मी संमेदकडं बघितलं. त्याची नजर जमिनीवर होती. मी पाण्याचा घोट घेतला आणि सांगायला लागलो. चाळीस फिल्म, दिवाळीची घाई, न बघता मारलेला शिक्का. चौकशीच्या खोलीपर्यंत आवाज ठीक होता. बंबापाशी आलो आणि तो आपोआप खाली गेला.

दिलावरनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जरा मोठ्यानं, साहेब," तो म्हणाला. "भाईजानला कमी ऐकू येतं."

मी मोठ्यानं सांगितलं.